मंद आचेवरचं मेण

मुळा-मुठेच्या काठी मांजरी बुद्रुकला आमचं थोडं रान आहे. बांधावर शेवगा, शेवग्याच्या सावलीत सातेरी माश्यांच्या चार पेट्या. गाव २०२१ साली पुणे महापालिकेत गेलं, चहूबाजूंनी इमारती उठल्या, पण पालेभाजीचे मळे अजून तग धरून आहेत. कुणी कोथिंबिरीचा एखादा वाफा धन्यासाठी फुलायला सोडला की आमच्या माश्यांची दिवाळी. द्राक्ष संशोधन केंद्रही गावातच आहे, पण द्राक्षाचं फूल आपलं आपण फळतं, माश्यांना त्याचा फारसा उपयोग नाही.

पेटी कशी उघडायची हे पुण्यात गणेशखिंड रस्त्यावरच्या केंद्रीय मधमाशी संशोधन व प्रशिक्षण संस्थेत शिकले. १९६२ सालची संस्था आहे ती. मधाचं आणि मेणाचं घरात काय करायचं, हे मात्र चुकत चुकत, आत्यांच्या हाताखाली शिकले. आत्या म्हणजे माझ्या सासूबाई.

१. मेण टाकू नये.

पहिल्या वर्षी पोळ्यावरची झाकणं सुरीनं उतरवली, चौकटी मधयंत्रात फिरवल्या, बरण्या भरल्या आणि झाकणांचा चिकट गोळा घेऊन उकिरड्याकडे निघाले. आत्यांनी हात धरला. "अगं, कुठं टाकतीस? करंड्यात घालायचं असतं ते."

त्यांचा लाकडी करंडा तोवर मी नीट पाहिलाच नव्हता. आरसा, फणी, पिंजरीची डबी आणि शेजारी तेवढीच मेणाची डबी. मेणात खोबरेल तेलाचे दोन-चार थेंब घालून ते मऊ ठेवलेलं. बोटाचं टोक मेणावर फिरवायचं, कपाळावर गोल ठिपका टेकवायचा आणि त्यावर पिंजर. भर उन्हात खुरपायला बसलं तरी कुंकू ओघळत नाही. रोज एकाच जागी बोट लावून लावून डबीतल्या मेणात खळगा पडला होता, त्यांच्या बोटाच्या मापाचा.

संस्कृतात मेणाला मधूच्छिष्ट म्हणतात, मधाचं उष्टं. बाराव्या शतकात चालुक्य राजा सोमेश्वरानं 'मानसोल्लास'मध्ये मेणाची मूर्ती घडवून, तिच्यावर माती लिंपून, मेण वितळवून धातू ओतायची रीत लिहून ठेवली आहे. तेव्हापासून इतकं काम करणाऱ्या वस्तूला उष्टं म्हणणं मला पटत नाही. कामकरी माशी पोटाखालच्या ग्रंथींतून मेणाचे बारीक पापुद्रे काढते. एक किलो मेण घडवायला साधारण सहा ते आठ किलो मध तिला खावा लागतो, असं हिशेब करणारे सांगतात. हे कळल्यापासून पोळ्याचा चुराही मी वेचून ठेवते.

२. मेण थेट गॅसवर ठेवू नये.

ही चूक मी केली आहे. पातेलं आचेवर ठेवून दारात भाजीवाल्याशी बोलत राहिले. परत आले तर घरभर धूर आणि मेण काळपट. मेण ६२ ते ६४ अंशांनाच वितळतं, त्याला उकळायची गरजच नाही. आता झाकणं जुन्या पंचाच्या पुरचुंडीत बांधते, पुरचुंडीत एक दगड घालते आणि पातेल्यातल्या गरम पाण्यात बुडवते. मेण कापडातून पाझरून वर तरंगतं, माश्यांचे पाय-पंख आणि कचरा आतच राहतो. रात्रभर हलवायचं नाही. सकाळी पिवळी चकती अलगद निघते. तिच्या तळाशी करड्या गाळाचा थर असतो, तो सुरीनं खरवडायचा.

भांडं स्टीलचंच हवं. लोखंडात मेण काळवंडतं, तांब्या-पितळेत हिरवट होतं. आणि ते कोमट पाणी मोरीत ओतू नये. आमची मोरी तुंबली, तेव्हा प्लंबरनं नळीतून मेणाचा अख्खा दट्ट्या काढला होता.

३. मध गोठला म्हणून तो भेसळीचा ठरत नाही.

थंडीत बरणीत रवा धरतो आणि ओळखीची माणसं तोंड वाकडं करतात. मधातलं ग्लुकोज स्फटिक होतं, इतकंच. काही फुलांचा मध लवकर गोठतो, काहींचा वर्षभर पातळ राहतो. बरणी हाताला सोसवेल अशा कोमट पाण्यात ठेवली की सैल होतो. उकळत्या पाण्यात नको, वास उडून जातो आणि मागं नुसता गोडवा राहतो. पाण्यात थेंब टाकून पाहणं, कागदावर टाकून पाहणं, या परीक्षांवर मी विसंबत नाही. ज्याची पेटी पाहता येते त्याच्याकडून घ्यावा. महाबळेश्वरजवळचं मांघर २०२२ साली देशातलं पहिलं मधाचं गाव ठरलं. तिकडचा जांभळाचा मध गडद आणि किंचित तुरट लागतो. आमच्या मळ्यातला त्यापुढे फिका. बाजरीच्या गरम भाकरीवर लोणी आणि वर आमचा मध, हे मला कुठल्याही पक्वान्नाहून प्रिय आहे.

४. मध म्हणजे पातळ साखर नव्हे.

संक्रांतीला मी मधात तिळाचे लाडू वळायला बसले. वळले, पण तासाभरात बसून ताटभर पसरले. गुळाचा पाक गार झाला की घट्ट होतो, मध हवेतली ओल ओढत राहतो. त्यामुळे चिक्की आणि लाडवाला गूळच. केकमध्ये मात्र तीच ओल कामी येते, केक चार दिवस मऊ राहतो. वाटीभर साखरेऐवजी पाऊण वाटी मध, दूध दोन-तीन चमचे कमी, चिमूटभर सोडा आणि ओव्हन जरा मंद, कारण मधाचा केक वरून लवकर करपतो. मोरावळ्यासारखा आवळा मधात घालायचा तर फोडी आधी उन्हात सुकवाव्यात, नाहीतर आवळ्याच्या पाण्यानं मध पातळ होऊन फसफसतो.

५. वर्षाच्या आतल्या बाळाला मध चाटवू नये.

आमच्याकडे बारशाला सोन्याच्या अंगठीनं मध चाटवतात. मीही थोरल्याला चाटवला होता, सुदैवानं काही झालं नाही. मधात बोट्युलिझमच्या जंतूंचे बीजाणू असू शकतात. मोठ्यांचं पोट त्यांना पुरून उरतं, तान्ह्याचं नाही, आणि घरच्या तापवण्यानं ते मरत नाहीत. हल्ली बारशासाठी कुणी मध मागायला आलं तर मी बरणी देते, पण देवापुढच्या पंचामृतासाठी, आणि तसं बजावून सांगते.

६. मेणकापड गार वस्तूंसाठी.

मेण चार भाग, राळ एक भाग, थोडं खोबरेल. हे मिश्रण सुती कापडावर पसरून, दोन कागदांमध्ये घालून इस्त्री फिरवायची. अर्धं लिंबू, चीज, कोथिंबिरीची जुडी त्यात छान राहते. गरम भाकरी गुंडाळली की मेण भाकरीला लागतं. धुवायचं ते गार पाण्यानं, म्हणून मासे-मटणाला हे कापड नको.

७. टाचांच्या भेगांना सिक्थतेल.

तीळतेल सहा भाग, मेण एक भाग, पाण्यावर ठेवलेल्या वाटीत वितळवायचं. गार होताना ढवळत राहिलं की गुठळी होत नाही. कोकणातली माझी जाऊ तेलाऐवजी कोकमाचं मुठेल घालते, तिचं मलम अधिक घट्ट होतं. मळ्यात अनवाणी काम करणाऱ्या बायकांना मी दर थंडीत डब्या भरून देते.

८. एक चकती चांभारकाकांसाठी राखावी.

स्टेशनच्या वाटेवर बसणारे काका पूर्वी मेणबत्तीचा तुकडा वापरायचे. पॅराफिनचं ते मेण दोऱ्यावरून भुगा होऊन गळायचं. मी पहिली चकती दिली, तेव्हा त्यांनी आधी वास घेतला. मग दोरा तिच्यावरून तीनदा ओढला, चुर्र आवाज झाला, दोरा पिवळट आणि ताठ. चपलेचा अंगठा शिवून हातात दिला आणि पैसे घेतले नाहीत. ती चप्पल दोन पावसाळे टिकली. यंदाची चकती शेवगा फुलून गेल्यावर निघेल, असं त्यांना सांगून ठेवलंय.