लिहिणाऱ्याला काय मिळणार?

बाळा, आडसाली उसाला २६५ वाण लावायचा का ८६०३२, हे मोबाईलवर शोधतोयस ना, शोध. फक्त वाचायच्या आधी एक बघत जा, हे लिहिणाऱ्याला यातून काय मिळणार आहे.

फुले २६५ चंच घे. वाण आपल्या राहुरीच्या विद्यापीठाचा, पाडेगावच्या केंद्रातला. रोपवाटिकेवाल्याच्या साइटवर त्याचं टनेज असं रंगवतात, की उभा ऊस मोडून तोच लावावासा वाटतो. कारखान्याकडची माणसं म्हणतात, उशिरा पिकतो, लवकर तोडला तर साखरेचा उतारा बसतो. दोघंही खोटं बोलत नाहीत. एकाला रोपं खपवायचीत, दुसऱ्याला साखर पाहिजे. आणि तू? तुला पैसे टनावर. भावात उतारा धरतात तो अख्ख्या कारखान्याचा, तुझ्या एकट्याच्या फडाचा नाही. म्हणजे तूही काही तटस्थ नाहीस. तुला टनेजवालंच पान गोड लागणार. म्हणून जे पटत नाही ते दोनदा वाच.

साइटच्या पत्त्याचं शेपूट बघ. डॉट गव्ह डॉट इन सरकारचं, डॉट एसी डॉट इन शिक्षणसंस्थांचं. ते वाटेल त्याला मिळत नाही. डॉट ऑर्ग मात्र पैसे भरले की कुणीही घेतं, तेव्हा ‘संशोधन संस्था’ अशा पाटीला भुलू नको. सरकारी पानही आपली योजना फसली असं कधी छापत नाही म्हणा! आकडे तिथून घे, कौतुक तिथंच ठेव.

कांद्याच्या भावात तर माणसं हमखास फसतात. पणन मंडळाच्या साइटवर बाजार समितीवार आवक येते आणि किमान, कमाल, सर्वसाधारण असे तीन दर येतात. मथळ्यात कमाल तेवढाच चढतो, मग तो चार गोण्यांना का मिळालेला असेना. श्रीरामपूरला गाडी भरण्याआधी सर्वसाधारण दर बघ, आवक बघ, तारीख बघ. तारीख नसली तर पुढं वाचूच नको.

‘शेतकऱ्याचे मनोगत’ वाचताना खालचा फोन नंबर कुणाचा आहे तेही बघावं. बहुतेकदा विकणाऱ्याचाच निघतो.

तरी रोपवाल्याचं पान टाकून देऊ नको. रोपाचा दर, रोप किती दिवसांचं, पोहोच कुठवर, हे त्याच्याइतकं नेमकं कोण सांगणार? टनेज मात्र हरेगावच्या बाजूला ज्यानं २६५ चे दोन-तीन खोडवे घेतलेत त्याला विचार. आणि त्यालाही पाणी किती दिलं, खत किती टाकलं, ते विचारल्याशिवाय उठू नको.