बोरोबुदूर कसे वाचावे? : परदेशी अभ्यासदौऱ्याचा एक पाठ

कला आणि वास्तुकला शिकणारे विद्यार्थी विद्यापीठाच्या अभ्यासदौऱ्यावर परदेशी निघतात, तेव्हा पालकांच्या मनात एक रास्त प्रश्न असतो : एवढा खर्च करून जे पाहावयाचे, ते पुस्तकांत व छायाचित्रांत दिसत नाही काय? या प्रश्नाचे उत्तर आम्ही एकाच वास्तूच्या आधारे शोधू इच्छितो. ती वास्तू म्हणजे इंडोनेशियातील जावा बेटावरील बोरोबुदूर.

शैलेंद्र राजवंशाच्या काळात, इसवी सनाच्या आठव्या-नवव्या शतकांत, हा महास्तूप उभा राहिला. खाली सहा चौरस चौथरे, त्यांवर तीन वर्तुळाकार, आणि माथ्यावर मुख्य स्तूप अशी त्याची रचना. अजिंठा पाहिलेल्या आपल्या विद्यार्थ्यास पहिला फरक येथेच जाणवतो. अजिंठ्याचे कारागीर डोंगर पोखरत आत गेले. नको तो दगड काढला, उरले ते लेणे झाले. जावातील कारागिरांनी एका टेकडीभोवती घडीव दगड रचला, तोही चुना न वापरता.

रचलेल्या वास्तूचे भवितव्य पायावर अवलंबून असते, म्हणून दुसरा पाठ पायाचा. बाहेरून दिसणाऱ्या चौथऱ्याआड मूळ पाया दडलेला आहे, हे १८८५ साली उघड झाले. त्यावर कर्म आणि त्याचे फळ दाखविणारे १६० शिल्पपट आहेत. छायाचित्रे घेऊन ते पुन्हा झाकण्यात आले. आग्नेय कोपऱ्यातील थोडे आज दिसतात. वरचा भार खचू नये म्हणून बांधणीच्या काळातच हा जादा थर चढविला असावा, असे अनेक अभ्यासक मानतात. काही पटांवर प्राचीन जावानी लिपीत संस्कृत शब्द कोरलेले आहेत. ‘विरूप’ हा त्यांपैकी एक. या शिल्पकारांसाठीच्या सूचना होत्या. योजना करणारा आणि छिन्नी चालविणारा यांच्यातील हा संवाद विद्यार्थ्याने अवश्य समजून घ्यावा.

तिसरा पाठ पाण्याचा. पावसाचे पाणी सांध्यांतून टेकडीच्या मातीत मुरले आणि भिंती कलू लागल्या. १९०७ ते १९११ या काळात थिओडोर फान एर्प यांनी डागडुजी केली. परंतु मूळ दुखणे गेले नाही. पुढे युनेस्कोच्या साहाय्याने चौरस चौथऱ्यांचे दगड उतरवून, स्वच्छ करून, मागे पाणी वाहून नेण्याची सोय केली आणि ते पुन्हा जागेवर बसविले. हे काम १९८३ साली पूर्ण झाले. सौंदर्य टिकते ते असल्या न दिसणाऱ्या कामामुळे.

चौथा पाठ चालण्याचा. चौरस चौथऱ्यांवरील चार वीथींत दोन्ही बाजूंस भिंती आहेत. वर केवळ आकाशाची पट्टी दिसते. वास्तू उजव्या हाताला ठेवून चालत गेल्यास पहिल्या वीथीत तथागतांचे चरित्र पहिल्या धम्मोपदेशापर्यंत क्रमाने उलगडते. सर्व पट ओळीने पाहण्यास दहा प्रदक्षिणा लागतात. मग वर्तुळाकार भागात पाऊल पडते आणि भिंती संपतात. कथाशिल्पे नाहीत, ३२, २४ आणि १६ असे ७२ जाळीदार स्तूप आणि मोकळे आकाश. दाटीतून मोकळेपणाकडे होणारा हा प्रवास एकाही छायाचित्रात मावत नाही. तो पायांनीच वाचावा लागतो.

मात्र पावलांनी पायऱ्या झिजतात. म्हणून आता वर जाणाऱ्यांची संख्या व वेळ मर्यादित आहे, आणि ‘उपानत’ नावाच्या विणलेल्या चपला घालून चढावे लागते. यास्तव तयारी घरूनच हवी. विद्यार्थ्याने आराखडा आधी हाताने काढावा, कथांचा क्रम पाठ करावा, आणि एकच कोपरा वा एकच पट निवडून त्याचे रेखाटन करावे. शंभर छायाचित्रांपेक्षा एक प्रामाणिक रेखाटन अधिक शिकविते. कारण रेखाटताना प्रत्येक सांधा का आहे, हे स्वतःस विचारावे लागते.

पालकांच्या प्रश्नाचे आमचे उत्तर असे : तयारीविना गेलेल्यास पुस्तकातील चित्रच पुन्हा दिसेल, आणि तो खर्च वाया जाईल. तयारीने गेलेला मात्र पाया, पाणी आणि पाऊल यांचे नाते शिकून परतेल. असा विद्यार्थी उद्या आपल्या गावातील विहार किंवा शाळा बांधावयास घेईल, तेव्हा आधी जमीन आणि पाण्याची वाट पाहील, आणि मगच शिखराची रेषा ओढील.