वडिलांची प्रिया पुन्हा रस्त्यावर येईल का?

प्रश्न : आमच्याकडे वडिलांची १९७९ सालची प्रिया स्कूटर आहे. कित्येक वर्षे ती ताडपत्रीखाली उभी होती. आता ती चालू करून वापरायची इच्छा आहे. मित्र म्हणतात, ही मुळात इटालियन गाडी आहे. काका म्हणतात, इटालियन म्हणजे डुकाटी, ही आपली साताऱ्याची. खरे काय? ती एका बाजूला ओढते, किक मारण्याआधी कलंडवावी लागते आणि मध्येच जाम होते असेही ऐकतो. ती सुरक्षितपणे कशी चालवावी? – एक वाचक, हिमायतनगर

उत्तर : मित्र आणि काका, दोघांचेही बरोबर आहे. डुकाटी किंवा मोटो गुझी या इटालियन मोटारसायकली जुन्या काळात मराठवाड्यात कुणाच्या दारात उभ्या नव्हत्या. आपल्याकडे इटलीचे तंत्र आले ते स्कूटरच्या रूपाने. पियाज्जो ही विमाने बनवणारी कंपनी. दुसऱ्या महायुद्धात तिचा पाँतेदेराचा कारखाना बाँबहल्ल्यात उद्ध्वस्त झाला. युद्धानंतर लोकांना स्वस्त वाहन हवे होते. कोर्रादिनो दास्कानिओ या विमान अभियंत्याने आखलेल्या व्हेस्पाचे पेटंट २३ एप्रिल १९४६ रोजी नोंदवले गेले. १९६०मध्ये बजाजने पियाज्जोशी तांत्रिक करार केला. तो १९७१मध्ये संपला आणि पुढच्या वर्षी चेतक आली. १९७५मध्ये राज्य सरकारचे विकास महामंडळ आणि बजाज यांनी मिळून साताऱ्यात महाराष्ट्र स्कूटर्स ही कंपनी काढली. तुमची प्रिया तिथली, पण घराणे व्हेस्पाचेच. मुंबईत जोडली जाणारी लँब्रेटा मिलानच्या इन्नोचेंतीची, तर लुनाचा आराखडाही पियाज्जोच्याच चाओ या मोपेडचा. त्या काळी स्कूटरचे बुकिंग करून वर्षानुवर्षे थांबावे लागे, म्हणून अशी गाडी घरात जपून ठेवली जाते, आणि ते योग्यच आहे.

आता तुमच्या बाकीच्या शंका. त्यांतल्या बहुतेकांचे मूळ एकाच गोष्टीत आहे. दास्कानिओंना मोटारसायकलची तेलकट चेन नको होती. म्हणून त्यांनी इंजिन थेट मागच्या चाकाच्या कुशीत, उजव्या बाजूला बसवले. चेन गेली, कपडे स्वच्छ राहिले, पण वजन एका बाजूला गेले. त्यामुळे या स्कूटरचा उजवीकडे किंचित कल असणे हा दोष नाही. डावीकडच्या डिकीत सामान किंवा स्टेपनी असेल तर तो थोडा कमी होतो. पण हँडल सारखे ओढून धरावे लागत असेल, तर कारण वेगळे असते. हँडलचा कोनसेट झिजलेला असतो, इंजिन चेसिसला धरणारी रबरी बुशे बसलेली असतात, किंवा टायर एका कडेने खाल्लेला असतो. तिन्ही गोष्टी फिटरला तासाभरात तपासता येतात.

कलंडवण्याचा रिवाज सगळ्यांना आठवतो. गाडी कलंडवली की कार्बोरेटरच्या फ्लोट चेंबरमधली पातळी बदलते आणि थोडे जास्तीचे पेट्रोल इंजिनात ओघळते. थोडक्यात, चोक ओढल्यासारखाच परिणाम होतो. टाकीत तळाशी राहिलेले पेट्रोलही नळाकडे येते. म्हणून लोकांना वाटू लागले की हा स्कूटरचा स्वभावच आहे. तसे नाही. चोकची केबल नीट ओढत असेल, कार्बोरेटर आणि जाळी साफ असेल, प्लगला ठणठणीत ठिणगी येत असेल, तर उभ्या गाडीला दोन-तीन किका पुरतात. रोज कलंडवावी लागत असेल, तर यांपैकी एक काम राहिलेले आहे. पॉइंटमधली फट साधारण ०.३ ते ०.५ मिलिमीटर आणि प्लगची सुमारे ०.६ मिलिमीटर असावी. ही दोन मापे धरली तरी निम्म्या तक्रारी मिटतात.

सर्वांत महत्त्वाची गोष्ट म्हणजे ऑईल. हे टू स्ट्रोक इंजिन आहे. चारस्ट्रोक मोटारसायकलीच्या चेंबरमध्ये ऑईल वेगळे असते. इथे पिस्टन आणि क्रँकला मिळणारे ऑईल फक्त पेट्रोलबरोबरच येते. चेतकसारख्या नंतरच्या गाड्यांना लिटरला २० मिलिलिटर, म्हणजे २ टक्के, टू टी ऑईल लागते. साठच्या दशकातल्या काही गाड्यांच्या कनेक्टिंग रॉडच्या वरच्या टोकाला नीडल बेअरिंगऐवजी साधे बुश असे, त्यांना ५ टक्क्यांपर्यंत लागे. तुमच्या गाडीचे प्रमाण पुस्तिकेत पाहून ठरवा. इंजिन बोअर करून घेतले असेल, तर सुरुवातीचे काही दिवस प्रमाण वाढवा आणि गाडी जोरात पळवू नका.

इथे दोन गैरसमज फार पसरले आहेत. पहिला, जास्त ऑईल म्हणजे जास्त काळजी. जास्त ऑईलने प्लग काळा पडतो, सायलेन्सर आणि हेडमध्ये कार्बन साचतो आणि चढावर गाडी दम टाकते. दुसरा, मोटारसायकलचे इंजिन ऑईलही चालते. ते जळण्यासाठी बनवलेले नसते, ते घालू नका. ऑईल टाकीत वरून ओतण्यापेक्षा डब्यात पेट्रोलबरोबर हलवून मग भरा. नाहीतर ते तळाशी बसते आणि गाडी आधी धूर ओकते, नंतर कोरडी पळते.

“जाम होते” याचा अर्थ आता लागेल. ऑईल कमी पडले किंवा कुठून हवा शिरून पेट्रोलचे प्रमाण घटले, की पिस्टन तापून फुगतो आणि सिलिंडरमध्ये अडकतो. मधे चेन नाही, इंजिन थेट गिअरमधून चाकाला जोडलेले, म्हणून मागचे चाक त्याच क्षणी लॉक होते आणि गाडी घसरते. म्हणून जुनी टू स्ट्रोक चालवताना डाव्या हाताची दोन बोटे क्लचवर असावीत. इंजिनाचा आवाज एकदम बसला, गाडी मागून धरल्यासारखी वाटली, की ताबडतोब क्लच दाबायचा आणि सरळ कडेला यायचे.

उतारावर हे विशेष लक्षात ठेवा. माहूरगडावरून रेणुकामातेचे दर्शन घेऊन उतरताना बरेच जण ॲक्सिलरेटर पूर्ण बंद करून गाडी गिअरमध्ये सोडतात. इंजिन वेगाने फिरत राहते, पण पेट्रोल येत नाही म्हणून ऑईलही येत नाही. म्हणून अधूनमधून क्लच दाबून थोडे ॲक्सिलरेटर द्या. ब्रेक सतत दाबून ठेवू नका, नाहीतर ड्रम तापून ब्रेक लागेनासे होतात. वळणाआधी वेग कमी करा, मग सोडा.

बरीच वर्षे उभी राहिलेली गाडी लगेच किक मारून सुरू करणे ही सगळ्यांत महागात पडणारी घाई. क्रँकची रबरी ऑईल सील वाळून कडक झालेली असतात. मॅग्नेटच्या बाजूचे सील गेले तर हवा आत शिरते आणि वर सांगितलेला जाम होतो. क्लचच्या बाजूचे गेले तर गिअरबॉक्समधले ऑईल इंजिनात ओढले जाऊन पांढऱ्या धुराचा लोट निघतो. दोन्ही सील बदलूनच घ्या. गिअरबॉक्समध्ये एसएई ३० ऑईल सुमारे २५० मिलिलिटर लागते. तेही जुने काढून नवे भरा. टाकीत गंज असेल तर ती उतरवून धुवावी लागेल. आताच्या पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल असते. ते हवेतला ओलावा धरते, आणि १९७९मध्ये बसवलेले रबरी पाइप व गॅस्केट त्यासाठी बनवलेले नव्हते. सगळे नवे टाका. गाडी महिनाभर उभी राहणार असेल तर टाकी आणि कार्बोरेटर रिकामे करून ठेवा.

चाकांबद्दल सांगतो ते कृपया तुमच्या पंक्चरवाल्यालाही ऐकवा. या स्कूटरची रिम दोन भागांची असते आणि ते भाग नटांनी जोडलेले असतात. चाक काढायचे नट वेगळे, रिम जोडणारे वेगळे. ट्यूबमध्ये हवा असताना रिमचे नट सोडले तर दोन्ही भाग जोरात उडतात आणि हात किंवा तोंड फुटू शकते. आधी व्हॉल्व्हमधून सगळी हवा काढा, मगच पाना लावा. टायर दिसायला नवा असला तरी बाजूवरचे चार आकडे वाचा : २३१९ म्हणजे २०१९चा तेविसावा आठवडा. कडेला बारीक भेगा दिसत असतील तर तो टायर काढूनच टाका. हवा पुढे सुमारे १८, मागे एकट्यासाठी २५ आणि डबलसीटसाठी ३५ पौंडांच्या आसपास ठेवा.

व्हेस्पा घराण्यातल्या काही गाड्यांची रिम ८ इंची, चेतकसारख्यांची १० इंची. मोटारसायकलीचे चाक ज्या खड्ड्यावरून सहज जाते, त्यात हे चाक उतरते. भोकर किंवा हदगावच्या रस्त्यावर पावसात काळ्या मातीचा चिखल डांबरावर येतो, तेव्हा पुढचा ब्रेक झटक्यात मारणे धोक्याचे. पायाचा ब्रेक आधी, पुढचा हळूच. पाण्यातून गेल्यावर लायनर ओले होतात, म्हणून थोडे अंतर ब्रेक हलके दाबून ते कोरडे करा. जुन्या ६ व्होल्टच्या हेडलाइटचा उजेड फार कमी पडतो. हिवाळ्यात उसाच्या ट्रॉल्या दिव्याविना चालतात, तेव्हा अंधारात बाहेर पडूच नका. क्लच, ब्रेक आणि गिअरच्या केबली एकदाच नव्या घाला. हेल्मेट चांगले घ्या.

कागदपत्रांचे असे. आरसी वडिलांच्या नावे असेल आणि ते हयात नसतील, तर वारसाच्या नावे करण्यासाठी फॉर्म ३१ लागतो. पहिल्या पंधरा वर्षांनंतर दर पाच वर्षांनी नांदेडच्या आरटीओत गाडी दाखवून नूतनीकरण, त्यासोबत पर्यावरण कर, विमा, पीयूसी आणि नवी सुरक्षा नंबरप्लेट हे सगळे आलेच. पन्नास वर्षांवरच्या गाड्यांसाठी २०२१पासून व्हिंटेज नोंदणीची सोय आहे, पण तिची फी २०,००० रुपये आणि तशी गाडी रोजच्या वापराला चालत नाही. तुमच्या प्रियाला अजून पन्नास वर्षे झालेली नाहीत, आणि रोज चालवायची असेल तर झाल्यावरही नेहमीचे नूतनीकरणच योग्य.

पैसे बेताचे असतील तर रंगकाम मागे ठेवा. आधी सील, टायर, लायनर, केबली. आणि पहिल्या फेऱ्या दिवसा, एकट्याने, परमेश्वर मंदिराच्या आसपास गावातच मारा.