‘बुटीक हॉटेल’ कशाला म्हणावे?

प्रश्न : महानगरांतील आधुनिक धाटणीच्या लहान हॉटेलांना ‘बुटीक’ का म्हणतात आणि त्यांची पारख कशी करावी?

उत्तर : ‘बुटीक’ हा फ्रेंच शब्द निवडक मालाच्या लहान दुकानासाठी रूढ असून, इयान श्रेगर व स्टीव्ह रुबेल यांनी १९८४ मध्ये न्यूयॉर्कच्या मॅडिसन अव्हेन्यूवर सुरू केलेल्या ‘मॉर्गन्स’मुळे तो हॉटेलव्यवसायात रुळला; मोठी हॉटेले सर्व काही विकणाऱ्या भांडारासारखी, तर मॉर्गन्स बुटीकसारखे, अशी रुबेल यांची तुलना होती. अर्थात, लंडनचे ‘ब्लेक्स’ १९७८ पासूनच चालू असल्याने पहिलेपणाचा मान वादाचा आहे.

मॉर्गन्सची अंतर्रचना, म्हणजे भिंती, प्रकाश आणि फर्निचर यांची एकत्रित आखणी, आंद्रे प्युतमाँ या फ्रेंच रचनाकर्तीने केली. हाताशी पैसा बेताचा असल्याने तिने न्हाणीघरांत स्वस्तातल्या काळ्या-पांढऱ्या टाइल्स बुद्धिबळाच्या पटाप्रमाणे बसवल्या, आणि काटकसरीतून निघालेला हा पटच पुढे तिच्या शैलीची ओळख ठरला. १९८८ मध्ये फिलिप स्टार्क या रचनाकाराने याच जोडीच्या ‘रॉयल्टन’ हॉटेलच्या लॉबीला, म्हणजे प्रवेशदालनाला, शहरातल्या लोकांनी येऊन बसण्याच्या जागेचे रूप दिले.

बुटीकपण असे रचनेतून येत असल्याने खोल्यांची संख्या हा कच्चा निकष होय. एकाच रचनाकाराची दृष्टी दाराच्या मुठीपर्यंत पोहोचली आहे काय, हे आधी पाहावे. मात्र दिव्याचे बटण शोधण्यासाठी पाहुण्याला भिंत चाचपावी लागत असेल, तर ती रचना नव्हे, निव्वळ नखरा समजावा.