शरीराची बांधणी जन्माआधीच

वैद्यकीय तपासणीत आपली उंची आणि वजन तक्त्याशी जुळले की आपण निश्चिंत होतो. पण सारख्या उंची-वजनाच्या दोन माणसांची शरीरे आतून अगदी वेगळी असू शकतात. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि इंग्लंडचे डॉ. जॉन युडकिन यांनी २००४ साली ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात स्वतःचाच दाखला छापला. दोघांचा बॉडी मास इंडेक्स एकच, २२.३. चरबी मात्र युडकिन यांच्या शरीरात ९.१ टक्के आणि याज्ञिकांच्या शरीरात २१.२ टक्के! शास्त्रज्ञांनी स्वतःचीच चरबी मोजून जगाला दाखवावी, हे मला फार आवडले.

हा फरक येतो कोठून? खाणे आणि व्यायाम ही कारणे आहेतच. पण याज्ञिकांनी त्याचे मूळ आईच्या पोटापर्यंत मागे जाऊन शोधले. १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा गावांत त्यांच्या गटाने सुमारे ८०० गर्भवती स्त्रियांचा अभ्यास केला. आई काय खाते, किती राबते, तिच्या रक्तात काय कमी आहे, हे नोंदवले. बाळ जन्मताच त्याचे वजन, लांबी आणि कातडीखालची चरबी मोजली.

बाळांचे सरासरी वजन भरले २.७ किलो. इंग्लंडमधील साउदॅम्प्टनच्या बाळांचे होते ३.५ किलो. आपली बाळे हडकुळी, यात नवल नव्हते. नवल हे, की पाठीवरच्या कातडीची चिमटीत धरून मोजलेली जाडी जवळपास साउदॅम्प्टनच्या बाळांइतकीच होती. कमी पडले होते ते स्नायू आणि पोटातले अवयव. गर्भाला पोषण अपुरे मिळाले की शरीर आधी मेंदूची सोय बघते. यकृत, मूत्रपिंड, स्नायू यांच्या वाट्याला उरलेले येते. मूत्रपिंडातल्या सूक्ष्म गाळण्या तर जन्मानंतर नव्याने तयारच होत नाहीत. जेवढ्या घेऊन आलो, तेवढ्यांवर आयुष्य काढायचे.

ज्या आया हिरव्या पालेभाज्या, फळे आणि दूध जास्त वेळा खात, त्यांची बाळे वजनाला बरी होती. ज्या शेतात आणि घरात फार राबत, विहिरीवरून पाणी आणत, त्यांची बाळे लहान. म्हणून गर्भवतीच्या डोक्यावरचा हंडा घरातल्या दुसऱ्या कोणी उचलला, तर तेही पोषणच म्हणायला हवे.

निम्म्याहून अधिक आयांच्या रक्तात बी-१२ जीवनसत्त्व कमी होते. ते दूध, अंडी, मांस यांतून मिळते. ही मुले नऊ वर्षांची झाल्यावर त्यांना ऐकलेले आकडे उलट्या क्रमाने म्हणायला लावले. आईत बी-१२ कमी असलेली मुले मागे पडली.

जन्मानंतरची पहिली दोन वर्षेही तितकीच नाजूक. पण बाळ बारीक आहे म्हणून पुढे त्याला नुसते लठ्ठ करणे हा उपाय नव्हे. दिल्लीत १९६९ ते १९७२ या काळात जन्मलेल्या मुलांच्या अभ्यासात असे दिसले, की जी पहिल्या दोन वर्षांत बारीक होती आणि नंतर ज्यांचे वजन उंचीच्या मानाने वाढत गेले, त्यांना तरुणपणी मधुमेहाचा धोका जास्त. आपल्या बेंगळुरूजवळ म्हैसूरच्या होल्ड्सवर्थ मेमोरियल रुग्णालयातील जुन्या जन्मनोंदींवरूनही कमी वजनाने जन्मलेल्यांत हृदयविकार अधिक आढळला.

मग सुरुवात कधी करायची? मेंदू आणि मज्जारज्जू ज्या नळीपासून बनतात, ती गर्भधारणेनंतर साधारण २८ दिवसांत बंद होते. तोवर दिवस गेल्याचे अनेकींना कळलेलेही नसते. म्हणजे डोहाळजेवणाच्या वेळी ताट भरून वाढणे हे उशिराचे काम झाले. ते ताट आपल्या शाळकरी बहिणींपुढे आजच हवे. घरात सगळ्यांची पाने उठल्यावर उरलेले ज्या मुलीला मिळते, तिच्या बाळाचे वजन त्या ताटातच ठरू लागलेले असते. पुण्याच्या गटाने हेच ओळखले. १९९३ नंतर मोजलेली ती बाळे तरुण झाल्यावर, २०१२ पासून, त्यांनाच बी-१२ देऊन पाहिले गेले: मुलींना आणि मुलांनाही. पुढे त्या मुलींच्या पोटी आलेल्या बाळांचीही मोजणी झाली.