शिकवून ठेवा म्हणाले

जिनिंगचा फिटर दिवसभर काय करतो हे ज्याला माहीत नसतं, तोच त्याचा पगार ठरवतो. माझ्या बाबतीत ते छोटे शेठ होते. मोठे शेठ होते तेव्हा मशीनचा आवाज बदलला की ते माझ्याकडे बघायचे आणि मी पाना घेऊन उठलेला असायचो. छोटे शेठ पुण्याहून शिकून आले, केबिनला एसी लागला, काचा बंद झाल्या. मग आवाज कुठला ऐकू येणार?

कारखान्याचं नाव लिहीत नाही. अमळनेर तालुक्यातल्यांना विचारायची गरज पडणार नाही आणि बाकीच्यांना कळून उपयोग नाही.

झालं असं. दसऱ्याच्या आधी ओव्हरहॉलिंग चालू होतं. छोटे शेठ आले आणि म्हणाले, "नाना, दोन पोरं देतो. शिकवून ठेवा. तुमचाच भार हलका होईल." पोरं बरी होती. एक पारोळ्याकडचा, एक इथलाच. मी शिकवलं. रोलरचं चामडं कधी घासायचं, ग्रूव्ह किती उरली की रोलर काढायचा, फिक्स नाईफचा दाब, बीटरचा ओव्हरलॅप, जाळीची फट. वडील प्रताप मिलमध्ये जॉबर होते, त्यांनी हाताखालच्या पोरापासून कधी काही लपवलं नाही. आमच्या घरात तशी पद्धतच नाही. इथला पोरगा मोबाईलवर व्हिडिओ काढायचा. म्हटलं, काढ बाबा, आमच्या वेळी हे असतं तर मिस्तरीच्या इतक्या शिव्या खाव्या लागल्या नसत्या.

तोच पोरगा एका संध्याकाळी स्टेशन रोडला चहाच्या टपरीवर माझ्यापुढे मोबाईल धरून म्हणाला, "नाना, ठेकेदारानं हे पाठवलंय. पीएफ कापून हातात किती येईल, सांगा ना." ठेकेदाराचं कोटेशन होतं, आमच्याच कारखान्याच्या नावानं. मी चष्मा लावला. हमाल, २० नग. प्रेसवाले, ६ नग. फिटर, प्रशिक्षित, २ नग.

नग! बेअरिंग नग असतं, पट्टा नग असतो. मी स्टोअरच्या चिठ्ठीवर इतकी वर्षं नग लिहीत आलो, माणसापुढे तो शब्द पहिल्यांदा वाचला. आणि ते 'प्रशिक्षित'! कुणी प्रशिक्षित केले? दोन नगांची मिळून रक्कम माझ्या एकट्याच्या पगारापेक्षा कमी होती. पोराला हिशेब करून दिला, चहाचे पैसेही मीच दिले. त्याला बिचाऱ्याला काही कळलं नव्हतं, तो हातात किती येईल एवढंच बघत होता. त्याच्यावर माझा आजही राग नाही.

राग आहे तो पुढच्या नाटकाचा. दिवाळीला बोलावलं. पेढ्याचा बॉक्स पुढे केला आणि बॉक्सखाली टाईप केलेला कागद. 'मी स्वखुशीने व घरगुती कारणास्तव राजीनामा देत आहे.' छोटे शेठ म्हणाले, "नाना, तुम्ही तर घरातलेच. सही करा. लागलं तर ठेकेदाराकडून परत घेऊ तुम्हाला." मुनीमजी खाली बघत होते. मी म्हणालो, घरगुती कारण माझ्या घरात काही नाही, तुमच्या घरातलं असेल तर तसं लिहा. पेढे तिथेच ठेवले. मग गेटवर सांगितलं गेलं की फिटर ठेकेदाराचे आलेत, तुम्ही आत जाऊ नका. तोंडावर सांगायलाही कुणी आलं नाही.

आता मुद्द्याचं. स्वस्त माणसानं काम होतं का? होतं की. मशीन चालू करणं, बंद करणं, ग्रीस भरणं, पट्टा बदलणं, हे शिकलेला कुणीही करतो. उगाच खोटं बोलून माझी किंमत वाढवणार नाही. २००० साली केंद्राचं कापूस तंत्रज्ञान मिशन आलं, जुन्या जिनिंगा नव्या झाल्या, डोक्यावर पाट्या वाहून जिनला कापूस घालणाऱ्या बायांच्या जागी ऑटोफीडर आले. कामाचं काही अडलं नाही. बायांचं काय झालं ते कुणी विचारलं नाही, तो विषय वेगळा.

पण मशीन चालणं आणि मशीन लागलेलं असणं यात फरक आहे. नोव्हेंबरात सकाळी दवाचा कापूस येतो, दुपारी कोरडा. चोपड्याकडचा बागायती लांब धाग्याचा, इकडचा कोरडवाहू आखूड, फेब्रुवारीत फरदड आणि कवडी. प्रत्येकाला सेटिंग वेगळं. बीटर सैल राहिला तर सरकीला रुई चिकटून जाते. जास्त कसला तर सरकी फुटते आणि तुकडे रुईत येतात. चामडं तापल्याचा वास वेगळा आणि कापूस धुमसल्याचा वेगळा. पहिल्याला रोलर थांबवायचा, दुसऱ्याला सगळंच थांबवून पळायचं. हे मी पोरांना सांगितलं होतं, पण वास व्हिडिओत येत नाही.

शेठ लोकांसाठी हिशेब मांडतो. दिवसाला ५०० क्विंटल कापूस पिळला आणि सेटिंग चुकल्यानं क्विंटलमागे अर्धा किलो रुई सरकीवर राहिली, तर २५० किलो गेली. म्हणजे १७० किलोच्या दीड गाठी. ३५६ किलोची खंडी ५५,००० धरली तर ते साडेअडतीस हजार होतात. सरकीच्या वजनात त्यातले सात-साडेसात हजार परत येतील. उरलेले एकतीस हजार एका दिवसाचे. फिटरचा महिन्याचा पगार या भागात किती असतो ते तुम्हाला माहीत आहे. पण पगार लिहिला जातो मजुरीच्या वहीत, आणि ही रुई कुठेच लिहिली जात नाही. 'यंदा उतारा कमी आहे, कापूसच हलका आहे' म्हणून सगळे मोकळे. शेतकऱ्याचा कापूस बदनाम आणि ठेकेदाराचं बिल पास.

त्या सिझनला तेच झालं. दक्षिणेतल्या एका सूतगिरणीनं रुईत सरकीचे तुकडे म्हणून भाव कापला, हे मला दलालाकडून कळलं. पारोळ्याचा पोरगा ऐन जानेवारीत सुरतेला गेला, चार पैसे जास्त मिळाले म्हणून. का जाऊ नये? जो माणूस स्वस्त म्हणून आणला, त्यालाही महाग व्हायचंच असतं. आणि रात्री अकराला इथल्या पोराचा मला फोन. "नाना, चार नंबरचं जिन रुई सोडतंय, फोनवर सांगा ना काय करू." त्या पोराला मी दोनदा सांगितलं. मग छोटे शेठ स्वतः बोलले, तेही असं की जणू मी रजेवर आहे.

पुतण्या सांगत होता, अमेरिकेत सर्किट सिटी नावाची टीव्ही-रेडिओ विकणारी मोठी कंपनी होती. २००७ साली त्यांनी ३,४०० माणसं काढली, कारण त्यांचा पगार बाजारापेक्षा जास्त होता. म्हणजे विकण्यात मुरलेली माणसं. त्यांच्या जागी स्वस्त घेतली. २००८ च्या नोव्हेंबरात दिवाळं आणि २००९ च्या मार्चमध्ये दुकानं बंद. तेवढ्या एकाच कारणानं बुडाली असं मी म्हणणार नाही, तेव्हा तिकडे मंदीच होती. पण ऐकून बरं वाटलं, हेही लपवत नाही. आणि आमच्या गावाला हे परदेशातून का शिकावं लागावं? १९४५ साली इथं निघालेल्या वनस्पती तुपाच्या कारखान्याचे शेअर ज्यांनी विकले नाहीत, त्यांची पोरंबाळं कशी श्रीमंत झाली ते अख्खं अमळनेर जाणतं. कागद धरून ठेवायला शिकलो, माणूस नाही.

माझ्यासारख्यांनी काय करावं? तब्येत सांभाळा, बचत करा, हे सगळेच सांगतात. मी वेगळं सांगतो.

राजीनाम्यावर सही करू नका. त्यांना काढायचं असेल तर लेखी काढू द्या. ठेकेदाराच्या हजेरीवर 'फक्त नावापुरते' जा म्हणाले तर समजा की जुनी नोकरी संपली आणि शून्यापासून नवी सुरू झाली.

ग्रॅच्युइटी वर्षाला १५ दिवसांच्या पगाराची, महिना २६ दिवसांचा धरून. पण सिझनपुरत्या कामगाराला सिझनमागे फक्त ७ दिवसांची. १९७२ च्या कायद्यात हेच होतं आणि २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या नव्या संहितेतही आहे. जिनिंगवाले नेमके इथे धरतात. मला म्हणाले, तुम्ही सिझनचे. मग मे-जूनमध्ये उन्हात जिनं कुणी खोलली, भुतांनी? पीएफचं पासबुक काढा. बाराही महिन्यांचा भरणा त्यात दिसला की सिझनचं सोंग टिकत नाही. स्टोअरच्या चिठ्ठ्यांचे फोटो काढून ठेवा, तारीख आणि तुमची सही दिसेल असे. माझ्याकडे ओव्हरहॉलिंगच्या बेअरिंगच्या चिठ्ठ्या होत्या, वकिलानं आधी त्याच मागितल्या. ग्रॅच्युइटीचा अर्ज आधी मालकाला लेखी द्या, पोच घ्या, तीस दिवस थांबा, मग वर जा. माझं प्रकरण जळगावला चालू आहे, त्यामुळे जास्त बोलत नाही.

अनुभवाचा दाखला नोकरीत असतानाच मागून घ्या, बँकेच्या कर्जाला हवा म्हणून सांगा. भांडणानंतर तो मिळत नाही.

शिकवायला सांगितलं तर शिकवा, पोराचा त्यात दोष नसतो. मात्र का शिकवायचं आणि त्यानंतर माझं काम काय, हे शेठला तिथल्या तिथे चारचौघांत विचारा. उत्तर देताना तोंड कुठं वळतं ते बघा.

आणि काढल्यानंतर फोनवर फुकट सल्ला देऊ नका. मी आता धरणगाव, चोपडा, शिरपूरच्या जिनिंगांत व्हिजिटवर जातो. जिनमागे दर, गाडीभाडं वेगळं, निम्मे पैसे आधी. छोट्या शेठना हाच दर सांगितला तर म्हणाले, "नाना, आपल्याच माणसाला इतका?" मी म्हटलं, दोन नगांना विचारून बघा.