पेटींतील उणा पंचम

गेल्या पावसाळ्यांत नांदेड जिल्ह्यांतील कंधार तालुक्याच्या एका खेड्यांत आम्ही रविवारच्या उपासनेस गेलों होतों. मंडळी लहान, तीस-पस्तीस माणसें, एक ढोलकी, टाळांचे दोन जोड आणि एक जुनी पेटी. पेटीवर एक तरुण बसला होता. तो कांहीं महिने शहरांत राहून आला होता, व तेथील गायकगणांत बसून आणि मोबाईलवर पाहून तीन-तीन, चार-चार पट्ट्या एकदम दाबण्यास शिकला होता. भजनाचें पहिलें कडवें नीट झालें. दुसऱ्याच्या शेवटीं त्यानें एक कॉर्ड दाबला, आणि बायकांच्या बाजूचा आवाज एकाएकीं थांबला. उपासना संपल्यावर एक वृद्ध बाई आम्हांस म्हणाल्या, "बाबा, पेटीनं आमचा सा नेला."

आम्हीं त्या तरुणास चारचौघांत सांगितलें कीं, तुझी पट्टी चुकली. हें आमचें बोलणें चुकीचें होतें. सायंकाळीं पेटी पुढें ओढून पाहिलें तों त्याचें एकही बोट चुकलेलें नव्हतें. त्यानें दाबलेला कॉर्ड पाश्चात्य संगीतांत शेंकडों वर्षें चालत आलेला आहे. त्यास इंग्रजींत 'डिमिनिश्ड' असें म्हणतात, म्हणजे उणावलेला. पट्ट्या बरोबर, आणि गाणारेही बरोबर. मग गाणें कां मोडलें? त्या दिवसापासून तरुणानें पेटीस हात लावला नाहीं, आणि कांहीं वडील मंडळी पेटीच नको असें म्हणूं लागली. असा प्रसंग इतर मंडळ्यांतही येत असावा, म्हणून हा पाठ लिहीत आहों. वाचकांनीं तो पेटी जवळ घेऊन वाचावा. नुसता डोळ्यांनीं वाचून उपयोग नाहीं.

प्रथम स्वरांतर म्हणजे काय तें पाहूं. एका स्वरापासून दुसऱ्या स्वरापर्यंतचें अंतर तें स्वरांतर. पेटीवर तें मोजण्यास रंग पाहूं नये. काळी असो वा पांढरी, प्रत्येक लगतची पट्टी ही एक पायरी समजावी. पांढरी एक हा सा धरा. तेथून प सातव्या पायरीवर येतो, शुद्ध म पांचव्या पायरीवर, आणि वरचा सा बाराव्या पायरीवर. ह्या दोघांच्या मध्यें, सहाव्या पायरीवर, तीव्र म आहे. तो सप्तकाच्या अगदीं मध्यावर उभा आहे: खालच्या सापासून सहा, वरच्या सापासूनही सहा. आमच्या सर्व पाठाचें मर्म ह्या सहाच्या आंकड्यांत आहे.

पेटीवर विश्वास नसेल तर एकतारीवर पाहा. तारेची मोकळी लांबी छत्तीस इंच घ्यावी. बरोबर मध्यें, अठरा इंचांवर, वरचा सा बोलतो. चोवीस इंच तार बोलती ठेवली, म्हणजे तीन भागांपैकीं दोन, तर प मिळतो. सत्तावीस इंच ठेवली, म्हणजे चार भागांपैकीं तीन, तर शुद्ध म. असे सोपे भाग जेथें पडतात तेथें दोन स्वर एकमेकांत विरघळतात आणि कानास विसावा मिळतो. पण पेटीचा तीव्र म जेथें येतो ती जागा सुमारें साडेपंचवीस इंचांवर आहे, आणि तिचें सबंध तारेशीं प्रमाण कोणत्याही पूर्णांकांत बसत नाहीं. सबंध तारेस दोहोंच्या वर्गमुळानें भागलें म्हणजे ती जागा निघते. कानास हें गणित कळत नाहीं, परंतु विसावा मिळाला नाहीं हें कळतें.

ही गोष्ट आमच्याच मुलुखांत फार पूर्वीं लिहून ठेवलेली आहे. तेराव्या शतकांत देवगिरीस, म्हणजे दौलताबादेस, यादव राजा सिंघण ह्याच्या आश्रयास असलेल्या शार्ङ्गदेवानें 'संगीतरत्नाकर' हा ग्रंथ रचला. ज्या दोन स्वरांच्या मध्यें बारा किंवा आठ श्रुति असतात ते परस्परांचे संवादी, असें त्यानें सांगितलें आहे. आमचा सा-प आणि सा-म हेच ते. सहा पायऱ्यांच्या अंतरास त्या मानांत जागा नाहीं.

आतां कॉर्ड. एक पट्टी वाजवावी, एक सोडावी, पुन्हां एक वाजवावी. असे तीन स्वर एकदम दाबले म्हणजे साधा कॉर्ड होतो. काळ्या पट्ट्यांस हात न लावतां सा-ग-प वाजवा. मग रे-म-ध, ग-प-नी, म-ध-सा, प-नी-रे, ध-सा-ग. ह्या साहांत कांहीं उजळ वाटतील, कांहीं उदास. परंतु साहाही आपापल्या जागीं उभे राहतात. आतां सातवा वाजवा: नी-रे-म. हा उभा राहत नाहीं. खालून कोणी जमीन काढून घेतल्यासारखें होतें. कारण मोजून पाहा. पहिल्या साहांत खालच्या स्वरापासून वरच्या स्वरापर्यंत प्रत्येक वेळीं सात पायऱ्या आहेत, म्हणजे प्रत्येकाला स्वतःचा प आहे. नी पासून म पर्यंत सहाच पायऱ्या. नीच्या वाट्याला आलेला पंचम एका पायरीनें उणा आहे; म्हणून नांव उणावलेला कॉर्ड.

मंडळीचा सा काळी एक असेल तर हाच कॉर्ड पांढरी एक, काळी दोन, काळी तीन असा पडतो. रंग बदलले, तरी पायऱ्या तीन आणि तीन, हें बदलत नाहीं.

ह्यावर आणखी तीन पायऱ्यांनीं एक स्वर ठेवला तर नी, रे, म, कोमल ध असा चार स्वरांचा कॉर्ड होतो. कोमल ध पासून पुढें तीन पायऱ्या मोजल्या तर पुन्हां नीच! सप्तकाच्या बारा पायऱ्यांचे चार सारखे तुकडे झाले. आमच्या तरुणानें दाबला होता तो हाच. सारख्या चार खांबांच्या खोलींत दार कोणत्या बाजूस तें कळत नाहीं, तशी येथें कानाची गत होते. चारांपैकीं कोणताही स्वर नी समजावा आणि पुढच्या पायरीस सा म्हणावें. नी हा नी मानला तर मूळचा सा मिळतो. रे हा नी मानला तर कोमल ग सा होऊन बसतो. म हा मानला तर तीव्र म. कोमल ध हा मानला तर शुद्ध ध. एका घरास चार दारें, आणि प्रत्येक दारापलीकडे निराळा सा. पश्चिमेकडील संगीतकारांस हें फार सोयीचें, कारण त्यांच्या रचनेंत सा वारंवार घर बदलतो. परंतु भजनांत सा घर बदलीत नाहीं. एकतारी, तंबोरा, ढोलकीचा घुमता सूर, सर्व एकाच सास धरून असतात. तेथें हा चार दारांचा कॉर्ड आला म्हणजे गाणाऱ्यास दार दिसतें पण वाट दिसत नाहीं. त्या बाईंनीं एका वाक्यांत सांगितलें तें हेंच.

ह्यावरून हे स्वर परके आहेत असें मात्र कोणी समजूं नये. मधुवंती रागांत सा, कोमल ग, तीव्र म आणि शुद्ध ध हे चारही स्वर आहेत, आणि त्यांचीं अंतरें तीन-तीन पायऱ्यांचींच आहेत. तोडींत त्यांपैकीं तीन आहेत. ते कानास किती गोड लागतात! भेद इतकाच कीं, रागांत ते एकामागून एक येतात, खालीं सा सतत वाजत असतो, आणि तीव्र म बहुधा प कडे वळून विसावतो. शिवाय गवई तो म आपल्या गळ्यानें किंचित् वरखालीं करून बसवितो. पेटीस तें साधत नाहीं. पेटीच्या बाराही पायऱ्या सारख्या केलेल्या असतात, म्हणून तिचा शुद्ध ग तारेवरच्या ग पेक्षां चढा आहे. सप्तकाचे बाराशें भाग मानले तर चौदा भागांनीं. कृष्णाजी बल्लाळ देवल आणि क्लेमेंट्स साहेब ह्यांनीं 1911 च्या सुमारास श्रुति-हार्मोनियम करविली ती ह्याच दुखण्यावर औषध म्हणून. पण ती कांहीं खेड्यापर्यंत पोंचली नाहीं. आकाशवाणीनें तर 1940 पासून सुमारें तीस वर्षें पेटीस दारांतच उभें केलें नव्हतें.

उणावलेल्या स्वरांची एक सप्तकमालाही आहे. दोन पायऱ्या, एक पायरी, दोन, एक, असें चढत जावें: सा, रे, कोमल ग, शुद्ध म, तीव्र म, कोमल ध, शुद्ध ध, नी. स्वर आठ झाले, आणि प नाहीं. आमच्या उपासनेंत हिचें काम पडणार नाहीं. तरी एक गोष्ट सांगितल्यावांचून राहवत नाहीं. ऑलिव्हिए मेसियां हे पॅरिसच्या त्रिनिते मंदिरांत 1931 पासून 1992 सालीं मृत्यु येईपर्यंत ऑर्गन वाजवीत. ही माला त्यांच्या आवडीची. 1944 सालच्या आपल्या ग्रंथांत तिला त्यांनीं विशेष जागा दिली. आणि तालांसाठीं ते कोणाकडे गेले? देवगिरीच्या शार्ङ्गदेवाकडे! 'संगीतरत्नाकरां'तील एकशेंवीस देशी ताल त्यांनीं अभ्यासून आपल्या रचनांत घेतले.

आतां वाजविणाऱ्यानें काय करावें? भजनास, मग तें टिळकांचें असो वा कृष्णराव सांगळ्यांचें, पेटीनें गळ्यामागें चालावें. नांदेडच्या सचखंड गुरुद्वाऱ्यांत कीर्तन चालतें तेथें एखादे दिवशीं उभें राहून ऐकावें. रागीची पेटी शब्दाची चाल धरून कशी चालते तें तेथें शिकण्यासारखें आहे. आधार हवाच असेल तर सा आणि प ह्यांपलीकडे जाऊं नये.

इंग्रजी चालीवर बसविलेलीं गीतें मात्र निराळीं. तीं मूळचींच चार आवाजांसाठीं रचलेलीं आहेत, व उणावलेला कॉर्ड त्यांत वाटेवरचा स्वर म्हणून येतो. लातूरकडील एका मंडळींत आम्हीं ऐकलें कीं, वाजविणारा भिऊन तो अजिबात गाळतो आणि ओळ लंगडी पडते. गाळूं नये, पण त्यावर थांबूंही नये. आपला डावा हात भात्यावर अडकलेला, म्हणून चार आवाज एका हातांत आणण्याचा हट्ट नको. नी-रे-म दाबावा आणि भाता न थांबवितां लगेच सा-ग वर यावें. नी एक पायरी वर चढून सा होतो, म एक पायरी खालीं उतरून ग होतो, आणि रे सामध्यें मिसळतो. हें उतरणें गाणाऱ्याच्या कानास आपोआप समजतें. त्याहून सोपें म्हणजे खालीं प जोडून प-नी-रे-म असें वाजवावें. प खालीं आला कीं त्या उण्या पंचमास जमीन मिळते, आणि सा कोणत्या बाजूस आहे ह्याविषयीं शंका उरत नाहीं. खेड्यांतील मंडळीसाठीं आमचें मत ह्याच रीतीस आहे, मग शहरांतील जाणकार कांहींही म्हणोत.

आम्हीं त्या तरुणाच्या घरीं जाऊन त्याची क्षमा मागितली, ती चारचौघांत बोललों म्हणून चारचौघांतच. त्यानें लगेच होकार दिला नाहीं. तीन आठवड्यांनीं तो पेटीवर बसला. भजनास तो आतां एका बोटानें चालतो. शेवटच्या गीतास प-नी-रे-म घेतो, आणि त्या वृद्ध बाई त्याच्याकडे बघत सा लावतात. पेटीचा मधला नी अजून उतरलेला आहे. त्याच्या रीडचें टोंक थोडें खरवडावें लागेल, आणि तें काम जाणणारा कारागीर नांदेडहून यावयाचा आहे.